कापडी पंख दुरुस्त करणं आणि नवं कापड चढवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाटहून बारा किलोमीटरवर, वावराला लागून आमचं टिनाचं शेड आहे. त्यात लाकडी घोड्यांवर एचएएल पुष्पक या जुन्या, दोन आसनी शिकाऊ विमानाचे दोन पंख ठेवलेत. उमेदीची सगळी वर्षं फ्लाइंग क्लबात हेच काम केलं. निवृत्तीनंतर लिलावातल्या भंगारातून हे विमान घेतलं आणि ट्रकात घालून गावी आणलं. तेव्हापासून फोन सुरू आहेत. विचारणारे वेगवेगळे, प्रश्न मात्र तेच वीस-बावीस. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. जिथं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. विमानाला कापड? असं विमान खरंच उडतं का हो?

उडतं. पुष्पक १९५८ साली पहिल्यांदा उडालं. सुमारे १६० विमानं बनली आणि देशभरातल्या क्लबांत पोरं त्यावर शिकली. नव्वद अश्वशक्तीचं इंजिन, दोन माणसं, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, पंखात लाकडी स्पार आणि वरून कापड. कापडानं वजन पेलायचं नसतं. हवेचा जोर घेऊन तो रिबवर द्यायचा, एवढंच त्याचं काम. रिब तो जोर स्पारला देते, स्पार विमानाच्या धडाला. स्पार म्हणजे पंखाचं आढं समजा आणि रिब म्हणजे वासे.

मोठ्या विमानांतही कापड होतं. १९४९ मध्ये नागपूरला मध्यरात्री चार दिशांची टपाल विमानं एकत्र यायची आणि थैल्यांची अदलाबदल व्हायची. त्यातली डकोटा विमानं धातूची होती, पण त्यांच्या पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या भागांवर कापडच चढवलेलं असायचं.

२. आपल्याकडे एवढा कापूस पिकतो. मग इथलंच कापड का नाही वापरत?

हा प्रश्न मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीच्या काळात लिनन वापरत. लिनन निघतं जवसाच्या खोडाच्या सालीतून. आपण जवस पेरतो ते चटणीसाठी आणि तेलासाठी. वनस्पती तीच, पण धाग्याचं वाण उंच वाढतं आणि त्याला फांद्या कमी फुटतात. पुढे सुती कापड आलं, ज्याला अजूनही जुने लोक ‘ग्रेड ए’ म्हणतात. ते लांब धाग्याच्या कापसाचं, मर्सराइज केलेलं (म्हणजे कॉस्टिक सोड्यानं धागा मजबूत आणि चमकदार केलेलं), इंचाला ८० ते ८४ धागे, उभे आणि आडवे दोन्हीकडे. एक इंच रुंद पट्टी फाटायला किमान ८० पौंड ओढ लागली पाहिजे, म्हणजे सुमारे ३६ किलो. आपल्या वऱ्हाडातला जुना देशी कापूस आखूड धाग्याचा. गादीला उत्तम, या कामाला नाही.

आता जवळपास सगळे पॉलिएस्टर चढवतात. ते सुतापेक्षा मजबूत असतं, कुजत नाही, उंदरालाही फारसं आवडत नाही. मला हाताखाली सूतच बरं वाटतं. पण ते मिळवायला जीव जातो, आणि आपल्या हवेत त्याचं आयुष्यही कमी.

३. मांजरपाट का नको? तो तर दणकट असतो.

पोत्यासारखा दणकट आणि पंखासारखा दणकट, यात फरक आहे. मांजरपाटाला खळ असते, धागे मोजून घातलेले नसतात, आणि या ठाणातली ताकद पुढच्या ठाणात असेलच याची हमी कोणी देत नाही. विमानाच्या कापडाच्या काठावर प्रमाणाचा शिक्का असतो आणि सोबत कागद येतो. कापडाइतकाच तो कागदही महत्त्वाचा.

मी स्वतः एकदा फसलोय. एका व्यापाऱ्यानं ‘विमानाचंच आहे, मिलिटरी सरप्लस’ म्हणून ठाण दिलं. दिसायला अगदी तसंच. कागद मागितले तर ‘पाठवतो, पाठवतो’ करत आठ महिने काढले. त्या ठाणाची शेवटी शेडवर टाकायला ताडपत्री झाली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तिच्या चिंध्या झाल्या. तीच पंखावर असती तर?

४. स्वतःच्या विमानाचं काम स्वतः करता येतं का?

हात लावता येतो, सही करता येत नाही. आधीचा १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, पण तुमच्या-माझ्यासाठी मूळ गोष्ट तीच राहिली: उडण्यालायक आहे असं प्रमाणित करायचा अधिकार डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं, लायसन्स असलेल्या एएमईला, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरला. त्याला कापड चढवून झाल्यावर बोलावू नका. प्रश्न ८ मधली तपासणी त्याच्यासमोर झाली पाहिजे, कारण एकदा कापड चढलं की आत काय आहे ते त्यालाही दिसत नाही. पूर्ण पंखाचं कापड बदलणं हे मोठं काम धरलं जातं. पहिला पैसा खर्च करायच्या आधी त्याला एक फोन करा.

५. कापड बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

डोळ्यांनी अर्धंच कळतं. बोट दाबलं की डोपला, म्हणजे कापडावर चढवलेल्या वार्निशसारख्या लेपाला, वर्तुळात तडे जाणं, टेपेच्या कडा सुटणं, पंख थोपटल्यावर ढोलकीऐवजी रिकाम्या पोत्यासारखा आवाज येणं, या सगळ्या खुणा. पण चकचकीत रंगाखाली मेलेलं कापड मी कितीदा पाहिलंय.

खरी चाचणी म्हणजे एक इंच रुंद पट्टी कापून, तिच्यावरचा डोप काढून ती ओढून पाहणं. विमानाला मुळात जे कापड लागत होतं त्याच्या नव्या ताकदीच्या ७० टक्क्यांखाली गेलं की कापड बाद. ग्रेड ए साठी हा आकडा ५६ पौंड येतो. स्प्रिंगचं टोचून बघायचं यंत्रही मिळतं, क्लबात त्याला मॉल टेस्टर म्हणतात. त्यानं अंदाज येतो, निकाल लागत नाही.

चाचणी कुठं घ्यायची हे महत्त्वाचं. पंखाच्या वरच्या बाजूला, जिथं ऊन सगळ्यात जास्त बसतं आणि रंग सगळ्यात गडद आहे तिथं. पोटाखालचं कापड दहा वर्षांनीही पास होतं, कारण त्यानं सूर्य पाहिलेलाच नसतो. पॉलिएस्टरसाठी आकडा कोणता धरायचा, ते प्रश्न १८ मध्ये.

६. जुनं कापड काढताना काय सांभाळायचं?

फाडू नका. पोरांना हेच सगळ्यात आवडतं आणि मी इथंच ओरडतो.

जुनं कापड म्हणजे नकाशा. कापड रिबला बांधणारे टाके किती अंतरावर होते, तपासणीची झाकणं कुठं, पाणी निघायची भोकं कुठं, केबल कुठून बाहेर पडते, सगळं त्यावर आहे. आधी फोटो काढा. मग प्रत्येक रिबवरच्या टाक्यांचं अंतर मोजून वहीत लिहा. मागच्या कडेनं ब्लेड चालवा आणि आख्खी चादर निघेल अशी काढा. ब्लेड उथळ धरा, खाली स्पार आहे. गुंडाळून वर ‘डावा, वरचा’ असं लिहून ठेवा. काम पूर्ण होऊन सही होईपर्यंत ती वळकटी कुणालाही देऊ नका. आमच्या शेजारच्या काकूंना एकदा कणगीवर झाकायला हवी होती. नाही म्हणालो, चार दिवस त्या बोलल्या नाहीत.

७. आत उंदराचं घरटं निघालं. झाडून टाकलं. बस ना?

बस नाही. घरटं निघतं, मूत राहतं. उंदराच्या मुतानं ॲल्युमिनियम पांढरं पडून कुरतडल्यासारखं होतं, आणि लाकडात ते मुरतं. घरट्याखालची जागा धुऊन, वाळवून, भिंगातून पाहा. आणि पंख ज्या शेडमध्ये आहेत तिथं सरकी ठेवू नका. मी ठेवली होती, एकच हंगाम. त्यानंतर मांजर पाळली.

८. आत नेमकं काय तपासायचं? लाकूड तर ठणठणीत दिसतं.

सगळ्या कामाचा गाभा इथं आहे. लोक कापडाबद्दल विचारतात, मी लाकडाबद्दल बोलत बसतो. कापड वीसेक वर्षांतून एकदा निघतं. तेवढ्या काळात स्पार उघड्या डोळ्यांनी पाहायची संधी ही एकच.

स्पार सहसा स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या लाकडाचा असतो: हलका, सरळ रेषांचा, फिकट. रात्री शेडमधला दिवा बंद करा. टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून, आडवी धरून हळूहळू सरकवा. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र रेषांना काटकोनात जाणारी केसासारखी, किंचित नागमोडी सुरकुती दिसली, तर थांबा. लाकूड तिथं दाबाखाली चिरडलं गेलंय. याला कॉम्प्रेशन क्रॅक म्हणतात. बहुतेकदा पंखाचं टोक कधीतरी जमिनीला लागलेलं असतं, आणि ‘काही नाही झालं, जरासं घासलं’ असं त्या दिवशी कुणीतरी सांगितलेलं असतं. अशा स्पारला डिंक भरून चालत नाही. एएमईला दाखवा, बहुधा स्पार बदलावा लागतो.

मग बोल्टांची भोकं. बोल्टाभोवती काळसर डाग म्हणजे पाणी आत गेलं आणि लोखंड गंजलं. बोल्ट काढा, भोकाच्या आत टॉर्च टाका. लाकूड नखानं दबलं तर ते कुजलंय. रिबचे खिळे जिथं स्पारमध्ये जातात तिथं रेषांच्या दिशेनं लांबट चीर जाते. तीही शोधा. पट्ट्यांच्या सांध्यांवर हलकंसं वळवून पाहा. जुना केसिनचा डिंक दुधापासून बनायचा आणि ओल लागली की बुरशी त्याला खायची. सांधा सुटलेला असेल तर ‘टच’ असा कोरडा आवाज येतो.

आमच्या डाव्या पंखात मागच्या स्पारच्या मुळाशी उधई निघाली. बाहेरून वार्निश जसंच्या तसं, आत मातीच्या नळ्या. मी वरून तीनदा हात फिरवला होता. चौथ्यांदा पेचकसाच्या मुठीनं टकटक केलं तेव्हा एका ठिकाणी आवाज बदलला. कापड तसंच ठेवून रंग मारला असता तर फोटोत ते विमान फार सुंदर दिसलं असतं.

ओलही मोजा. लाकडातली ओल ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास असली म्हणजे ठीक. मोजायचं यंत्र सुतारकामाच्या मोठ्या दुकानात मिळतं.

९. पंख तिरका झालाय हे आधी कसं कळणार?

कर्ण मोजून. घराचा पाया आखताना गवंडी दोरी तिरकी ताणून दोन्ही कर्ण सारखे आहेत का पाहतो ना, तसंच. पंखाच्या प्रत्येक खान्यात दोन तारा गुणाकाराच्या खुणेसारख्या असतात. मोजमाप स्पारच्या मधल्या रेषेवर खुणा करून घ्या, तारेवरून नाही. कर्ण सारखे येईपर्यंत तारा थोड्या थोड्या कसा, मुळापासून टोकाकडे जात. कापड चढल्यावर पंख सरळ करता येत नाही.

१०. पावसाळ्यात काम करावं का? शेतीची कामं नसतात तेव्हा वेळ असतो.

लाकडाचं, गंजाचं, तारांचं करा. डोप मारू नका.

डोपमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असेल तर त्या गारव्यावर हवेतलं पाणी बसतं आणि डोप पांढरा पडतो. त्याला ब्लश म्हणतात. नुसतं दिसायला वाईट असतं तर चाललं असतं, पण तो थर कमकुवत असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी ऊन पडलं म्हणून मी मोहात पडलो आणि एका एलेरॉनवर, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागावर, दोन हात मारले. संध्याकाळी ढग आले. सकाळी बैल सजवायला आलेला पुतण्या म्हणाला, “काका, यावर पीठ कोणं सांडवलं?” सगळं खरवडून काढलं.

हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली हवी. आपल्याकडे दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस यासाठी सोन्यासारखे. थंडीत सकाळी दव असतं, म्हणून दहानंतर सुरू करा आणि चारला थांबा.

११. मग एप्रिल-मे? तेव्हा तर हवा कोरडी असते.

कोरडी असते, पण पंचेचाळीस डिग्रीला फवाऱ्यातून निघालेला डोप पंखावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो. वर खरखरीत पापुद्रा बसतो, आत बुडबुडे आणि टाचणीएवढी भोकं. हळू उडणारा थिनर मिळतो, त्यानं थोडं जमतं. मी त्या दिवसांत फक्त पहाटे टेप चिकटवतो. बाकी वेळ शेडमध्ये बसवत नाही.

१२. खोळ शिवून घ्यावी का चादर पसरून चिकटवावी?

दोन्ही चालतं. खोळ म्हणजे उशीच्या अभ्र्यासारखं आधी शिवून पंखावर चढवणं. चादर म्हणजे खालून-वरून कापड पसरून पुढच्या आणि मागच्या कडेला एकावर एक घेऊन चिकटवणं. पुष्पकसारख्या सरळ पंखाला मी चादरच घेतो. धागे उडण्याच्या दिशेला सरळ ठेवा. तिरकं कापड एका बाजूला ओढ घेतं. कडेवर कापड किती चढवायचं ते ज्या पद्धतीनं काम करताय तिच्या मॅन्युअलमध्ये पाहा. एका कंपनीचा डिंक, दुसरीचा डोप असली खिचडी करू नका.

कापड किती लागेल, हेही इथंच सांगतो. पुष्पकच्या पंखांचं क्षेत्रफळ साधारण १६ चौरस मीटर. वर आणि खाली धरून त्याची दुप्पट, शिवाय कडा आणि वाया जाणारं. दोन पंखांना चाळीसेक चौरस मीटर धरून चाला.

१३. घरची इस्त्री चालते का?

चालते, मोजून घेतली तर. सुती कापड पाण्यानं आणि डोपनं ताणलं जातं, पॉलिएस्टर उष्णतेनं. पॉलिएस्टर टप्प्याटप्प्यानं तापवतात: आधी १२० च्या आसपास, मग १५०, शेवटी १७७ डिग्री सेल्सिअस. त्याच्या वर गेलं की कापड सैल पडायला लागतं आणि मग ते पुन्हा कधी ताणलं जात नाही. २५० च्या पुढं वितळतंच. घरच्या इस्त्रीवर ‘कॉटन’ लिहिलेल्या जागी दोनशेपर्यंत जातं. म्हणजे बायकोनं साडीवर फिरवली त्याच जागी बटण ठेवून पंखावर फिरवली, की काम संपलं.

इस्त्रीच्या तव्याला तापमापकाचा काटा उष्णता वाहणाऱ्या पेस्टनं टेकवा, इस्त्री बंद-चालू होताना दहा मिनिटं वाचत राहा आणि तिन्ही जागा मार्करनं बटणावर खुणा करा. तापमान मोजायचं लेझरचं पिस्तूल चकचकीत तव्यावर खोटं बोलतं. हीट गन नकोच. मध्येच लाइन गेली तर घाबरू नका, कापड वाट बघतं. लाइन आल्यावर इस्त्री पुन्हा मोजून घ्या.

१४. रिबला टाके कशाला? डिंकानं चिकटत नाही का?

उडताना पंखाच्या वरचं कापड खाली दाबलं जात नाही, वर ओढलं जातं. डिंक अशी ओढ फार काळ सोसत नाही. म्हणून रिबच्या वर फितीची मजबुती द्यायची, आणि मेण लावलेली दोरी पंखाच्या आरपार घालून वरचं आणि खालचं कापड रिबला बांधायचं. दर टाक्याला गाठ, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. अंतर जुन्या कापडावरून घ्या, प्रश्न ६ मधली वही इथं लागते. पुढच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोतातल्या रिबांवर टाके जवळ असतात, आणि दोन्ही टोकांचा पहिला टाका निम्म्या अंतरावर.

सुई फूटभर लांब लागते. पोती शिवायचा दाभण तुम्ही पाहिलाच असेल. त्याचीच सडपातळ बहीण. आमच्याकडे जिनिंगमध्ये बोरे शिवणाऱ्या दोन बाया आहेत. त्यांना गाठ एकदा दाखवली. एक आत, एक बाहेर, सुई इकडून गेली की तिकडून लगेच परत. मी एक रिब करेपर्यंत त्यांच्या तीन झाल्या, आणि गाठी माझ्यापेक्षा सरळ. गाठ रिबच्या कडेला बसवायची, वर मधोमध नाही, हे मात्र पहिल्या दिवशी चारदा सांगावं लागलं.

काही विमानांत धातूच्या रिबवर टाक्यांऐवजी क्लिपा, रिव्हेट किंवा स्क्रू असतात. जे मूळचं तेच ठेवा.

१५. डोपचे किती हात? कोणता आधी?

नायट्रेट आधी, ब्युटिरेट नंतर. नायट्रेटवर ब्युटिरेट चालतो, ब्युटिरेटवर नायट्रेट कधीच नाही. थर धरत नाही आणि तडे जातात. पॉलिएस्टरवर पहिला हात ब्रशनं, धाग्याभोवती गुंडाळला जाईल असा. डोप त्या धाग्यात मुरत नाही, त्याला फक्त मिठी मारतो. पहिल्या हातानंतर टाके, मग टाक्यांवर कातरलेल्या कडांची टेप, मग आणखी पारदर्शक हात, मग चंदेरी, शेवटी रंग. नेमका आकडा मॅन्युअलचा धरा.

चंदेरी हातात ॲल्युमिनियमची भुकटी असते. ती शोभेची नाही, उन्हापासून कापड वाचवते ती तीच. तपासायला सोपं: रात्री पंखाच्या आत साठचा बल्ब सोडा आणि बाहेरून पाहा. उजेड दिसला नाही पाहिजे. दिसला तर तिथं अजून एक हात. भुकटी मात्र जास्त झाली तर थर सोलून निघतो. हे डोप पूर्ण वाळल्यावरच करा, का ते पुढच्या प्रश्नात.

एक गंमत सांगतो. नायट्रेट डोप कशापासून बनतो? कापसाच्या सेल्युलोजपासून. सरकीला चिकटून राहिलेली बारीक लव, लिंटर, यासाठी वापरतात. म्हणजे सुती पंखावर आपण कापसावर कापूसच चढवत असतो.

१६. बंद पडलेल्या जिनिंगमध्ये मोठी जागा आहे. तिथं डोप मारू का?

अजिबात नको. नायट्रेट डोप हा गनकॉटनचा, म्हणजे कापसापासून बनणाऱ्या स्फोटकाचा, चुलतभाऊ. वाफ जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि वीस फुटांवरच्या ठिणगीला भेटते. कोपऱ्यात रुई असेल तर विचारूच नका. उघडी हवा, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, अंगात सुती कपडे, बटणं आणि मोटारी बंद, तोंडाला वाफेचा मास्क. वाळलेल्या डोपवर कोरडा पॉलिश पेपर घासला की स्थिर वीज तयार होते, म्हणून ओला घासा. चिंध्या पाण्याच्या बादलीत. बिडीवाल्याला फाटकाबाहेर.

१७. गाईनं शिंग लावलं, वीतभर फाटलं. पूर्ण कापड बदलू?

नाही. सुती असेल तर चीर बेसबॉल टाक्यानं, म्हणजे दोन्ही कडांतून आळीपाळीनं सुई आतून बाहेर काढत, शिवा. एल आकाराची असेल तर कोपऱ्यापासून बाहेर. मग भोवतालचा रंग आणि चंदेरी थिनरनं काढून चिरेच्या बाहेर दीड-दोन इंच जाईल असं ठिगळ डोपनं लावा. पॉलिएस्टरला ठिगळ चिकटवून इस्त्रीनं ताणतात. पण आधी फाटलेल्या कडेचं कापड बोटांत धरून ओढून बघा. सहज फाटत गेलं तर दोष गाईचा नाही. प्रश्न ५ कडे जा. आणि शिंग रिबला लागलं का, तेही आत डोकावून पाहा.

१८. आमचं पॉलिएस्टर नवं होतं तेव्हा शंभर पौंडांच्या वर होतं. आता ७० भरलं. ७० टक्के म्हणजे नापास ना?

इथं बरेच जाणकारही घसरतात. ७० टक्के धरायचे ते चढवलेल्या कापडाचे नाहीत. विमानाला मुळात जे कापड लागत होतं, त्याच्या नव्या ताकदीचे. विमान ग्रेड ए चं असेल तर हद्द ५६ पौंड. तुमचं ७० भरलं, म्हणजे पास. हलक्या विमानांना, म्हणजे दर चौरस फुटाला भार ९ पौंडांखाली आणि कमाल वेग ताशी १६० मैलांखाली असेल तर, मुळात ६५ पौंडांचं कापड चालतं आणि हद्द ४६ येते. तुमचं विमान कशात बसतं ते कागद सांगतील, मी नाही.

पास झालं तरी विचार करा: शंभरावरून सत्तर झालं कशानं? बहुतेकदा चंदेरी हात पातळ असतो.

१९. रिजुव्हेनेटर मारून दोन वर्षं ढकलता येतील का?

तो डोपला मऊ करतो, कापडाला जिवंत करत नाही. कापड चाचणीत पास आणि फक्त डोप तडकलेला, अशा वेळीच.

२०. गडद निळा रंग दिला तर? आणि रंगाचे हात वाढवले तर चमक येईल का?

चमक येईल, वजनही येईल. कापड-रंग झाल्यावर विमान पुन्हा वजनाला लावावं लागतं. एलेरॉन आणि शेपटीचे हलते भाग तोलून पाहायला निर्मात्यानं सांगितलं असेल तर तेही. मागच्या कडेला रंग जास्त झाला की फडफड सुरू होते. गडद रंग आपल्या मे महिन्यात अंगाला चटका बसेल इतका तापतो. पांढरा, पिवळा, चंदेरी घ्या.

२१. पाणी निघायची भोकं कापडानंतर पाडली नाहीत तर काय होतं?

पाऊस, दव, घाम सगळं मागच्या कडेला साचतं, आणि प्रश्न ८ मधलं लाकूड तिथंच असतं. प्रत्येक खान्यात सर्वांत खालच्या जागी भोक, भोवती ग्रोमेट, म्हणजे मजबुतीची छोटी कडी. पॉलिएस्टरला तापल्या सोल्डरिंगनं भोक पाडा, कड उसवत नाही.

२२. शाळेच्या मैदानावर फक्त ठेवायचं आहे. तरी एवढं सगळं?

नाही. तिथं मांजरपाट आणि पांढरा डिंक पाण्यात कालवून खुशाल वापरा, वर चांगला बाहेरचा रंग. फ्लेक्स बॅनर लावू नका, एका उन्हाळ्यात कुरकुरीत होतो आणि झोळीसारखा लोंबतो. पंखाच्या मुळाशी ठळक अक्षरात ‘फक्त प्रदर्शनासाठी, उड्डाणासाठी नाही’ असं लिहा, कारण तीस वर्षांनी कुणीतरी माझ्यासारखा लिलावात ते घेईल. आणि विमान चारही बाजूंनी जमिनीला बांधा. वळवाच्या वाऱ्याला ते शाळेचं आहे हे कळत नाही.

२३. पॉवर्ड हँगग्लायडरच्या कापडालाही हाच डोप चालतो का?

नाही. ते शिडाचं कापड, आधीच प्रक्रिया केलेलं आणि यंत्रावर शिवलेलं. त्यावर डोप किंवा रंग मारलात तर कापड कडक होऊन पंखाचा आकारच बदलेल. त्याची चाचणीही वेगळी. निर्मात्याचं पुस्तक पाहा, या पानावरचं काही त्याला लागू नाही.

२४. तुमचं पुष्पक कधी उडणार?

उजवा पंख दिवाळीनंतर कापडाला घेतोय, टाके घालायला त्या दोघी येतीलच. डाव्याच्या मागच्या स्पारची जोड द्यायची होती. बारास एक अशा तिरक्या सांध्यानं नवा तुकडा जोडतात. पण उधई जिथं निघाली ती जागा नेमकी धडाच्या फिटिंगखाली आहे, आणि फिटिंगखाली जोड देता येत नाही. म्हणजे आख्खा स्पार नवा. लाकूड मागवलंय. आल्यावर आधी महिनाभर शेडमध्ये नुसतं टेकवून ठेवणार आहे, इथल्या हवेत मुरायला.